फळ्याशेजारची खुर्ची

कुसुमताईंनी मला विचारलेला शेवटचा प्रश्न तब्येतीचा नव्हता, घरादाराचा नव्हता आणि देवाधर्माचा तर नव्हताच. पाथरीला त्यांच्या घरी भेटायला गेले होते. पाठीशी दोन उशा लावून त्या पलंगावर बसल्या होत्या. इतक्या वाळल्या होत्या की मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. सून चहा ठेवून गेली, दार लोटलं गेलं, आणि त्यांनी लगेच विचारलं, "नलू, यंदा लेकरं कुठं अडखळायलीत?" मी भडकलेच. माझा स्वभाव तसा आहे आणि तो बदलायला आता उशीर झालाय. "ताई, आधी ती गोळी घ्या. कॉलेज काय पळून जायलंय का?" त्यांनी हाताची घडी घातली, माझ्याकडे बघितलं आणि थांबल्या. ज्यांनी ज्यांनी कुसुम गव्हाणे यांच्याकडे डी.एड. केलं, त्यांना ही घडी चांगली ठाऊक आहे. प्रश्न विचारला की हाताची घडी पडायची आणि समोरून उत्तर आल्याशिवाय सुटायची नाही. यंदाचे सराव पाठ अजून सुरूच व्हायचे होते. "पाठ सुरू झाले की सांगते," मी म्हटलं. "सांग बरं का. विसरू नको," त्या म्हणाल्या, आणि मग कुठं गोळी घेतली.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला. ओट्यावर कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या आणि मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले.

आता ह्या गोष्टीला काही आठवडे झालेत. लोक भेटतात, हळहळतात, "फार वाईट झालं हो, किती कष्ट केले बाईनं," असं म्हणतात. मला त्याचा राग येतो. कष्ट केले हे खरंच, पण ही बाई कष्ट करून हरलेली नाही. जिंकून गेलीय. चांगली वाजत गाजत जिंकलीय, आणि ते मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून हे लिहायला बसले. रडायचं ते मी घरी रडून घेतलंय.

आमचं अध्यापक विद्यालय परभणीत. बारावी झालेल्या पोरापोरींना प्राथमिक शाळेचे शिक्षक करायचं काम. कुसुमताई गणित शिकवायच्या, मी मराठी. त्या रोज पाथरीहून एसटीनं यायच्या. गाडी चुकली तर जीपमध्ये दाटीवाटीनं बसून यायच्या, पण पहिल्या तासाला वर्गात असायच्या. मी नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी माझा तास खिडकीतून ऐकला आणि मी बाहेर येताच मला म्हणाल्या, "आवाज छान हाय तुझा. पण सगळं तूच बोलायलीस की गं. लेकरांना बी तोंड हाय." ओळख ना पाळख, आणि हे! मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. मग एका दुपारी माझा डबा घरी राहिला. त्यांनी न बोलता अर्धी भाकर आणि शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढे सरकवली. ती चटणी इतकी जाळ होती की मला पाणी मागायला बोलावंच लागलं. तेव्हापासून आमचं जे बोलणं सुरू झालं ते त्या दिवशीच्या गोळीपर्यंत चाललं, आणि त्यातलं निम्मं भांडणच होतं.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते 'माहिती'वरून. आमच्याकडे सराव पाठाची एक पद्धत होती. विद्यार्थी शिक्षकानं जवळच्या शाळेत जाऊन पाठ घ्यायचा, आम्ही प्राध्यापकांनी मागच्या बाकावर बसून बघायचा, आणि गुण द्यायचे. त्यात एक ठरलेली रीत अशी की पहिल्या पाठाला गुण हात राखून द्यायचे, पुढच्याला थोडे वाढवायचे, शेवटच्याला भरपूर. का, तर प्रगती दिसली पाहिजे. हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. सगळे तसंच करत आलेले, मीही तसंच करायची, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. कुसुमताईंनी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून मागच्या कितीतरी तुकड्यांचे हे गुण संगणकात भरले. स्वतः शिकल्या त्यासाठी. चष्मा नाकावर, एका बोटानं टकटक करत. सुट्टी संपल्यावर आम्हा सगळ्यांना त्यांनी संगणकाच्या खोलीत बोलावलं आणि पडद्यावर आलेख दाखवला. प्रत्येक विद्यार्थ्याची एक रेघ. सगळ्या रेघा खालून वर, एकसारख्या, पायरी पायरीनं. हुशार पोरगी तशीच, ढ पोरगा तसाच, आजारी पडून महिनाभर न आलेला तोही तसाच. ताई हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं माय! सगळ्यांचे सगळे एकाच जिन्यानं चढलेत की. कुणाचा पाय सुद्धा घसरला न्हाई." आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग मला सुद्धा हसू फुटलं, कारण त्यातला जिना ज्यांनी बांधला ते आम्ही सगळे त्या खोलीत हजर होतो.

त्यानंतर त्यांनी ठरवलं की गुण बाजूला राहू देत, पण पाठात खरंच काय झालं ते रोजच्या रोज मोबाइलवर भरायचं आणि संगणकात एकत्र बघायचं. पहिल्यांदा जे करून आणलं त्यात इतके रकाने होते की भरता भरता पुढचा पाठ सुरू व्हायचा. मी सरळ सांगितलं, "ताई, आमी शिकवायचं का दिवसभर मोबाइल घासत बसायचं? हे मी भरणार न्हाई. कुणाला सांगायचं ते सांगा." खूप वाजलं आमचं. त्या चिडून पाथरीच्या गाडीत बसल्या. दुसऱ्या दिवशी उतरल्या उतरल्या म्हणाल्या, "तीन ठेवले. बस?" तीन प्रश्न. मुलं कुठं थांबली? उत्तर कुणी दिलं? पुढच्या वेळी काय बदलणार? ते भांडण मी जिंकले होते. आजही कुणी त्या प्रणालीचं कौतुक करायला लागलं की मी म्हणते, ते तीन प्रश्न माझ्या भांडणातून आलेत. ताई असत्या तर म्हणाल्या असत्या, "झालं, लागली मिरवायला."

पण ह्या तीन प्रश्नांची उत्तरं मागच्या बाकावरून देताच येईनात. पहिल्याच पाठाला ताई उठल्या, आपली खुर्ची उचलली आणि सगळ्यांच्या देखत पुढे नेऊन फळ्याच्या शेजारी, मुलांकडे तोंड करून ठेवली. शिकवणारा पोरगा घाबरून खडू धरून उभाच राहिला. तास संपल्यावर मी विचारलं, "हे काय नवीन?" तर म्हणाल्या, "मागून नुसत्या वेण्या दिसतात गं. अडखळणं तोंडावर दिसतं." मला ते एकदम पटलं, पण मी तसं लगेच कबूल केलं नाही. दोन दिवसांनी माझीही खुर्ची गुपचूप पुढे नेली.

पुढे बसल्यावर काय काय दिसायला लागलं म्हणून सांगू! 'उत्तर कुणी दिलं' ह्या प्रश्नापुढे सगळीकडे एकच यायला लागलं, शिक्षकानं. पोरं प्रश्न विचारायची, श्वास घ्यायची आणि स्वतःच उत्तर देऊन मोकळी व्हायची. बाकावरच्या लेकरांचे ओठ नुकते हलायला लागलेले असायचे. आणि दुसरी गंमत तर आणखी भारी. ज्या शाळेत आमचे सराव पाठ व्हायचे ती कॉलेजच्या भिंतीला लागून होती, आणि वर्षानुवर्षं तेच पाठ तिथल्या वर्गांवर होत आलेले. ती लेकरं इतकी पिकली होती की एकदा अपूर्णांकाचा पाठ सुरू होताना आमची विद्यार्थिनी पहिलंच वाक्य विसरली, तेव्हा पुढच्या बाकावरचा पोरगा तिला धीर देत म्हणाला, "मॅडम, आधी भाकरीचं चित्र काढा. मग आमी 'अर्धी' म्हणतो. मग तुमी शाब्बास म्हणा." मी तोंडावर पदर घेतला. ताईंनी मात्र ते मोबाइलवर जसंच्या तसं भरलं. तिथं लेकरं कुठंच थांबत नव्हती, कारण आमच्या पोरांना शिकवणं तीच शिकवत होती.

मग ताईंनी आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना हाक दिली. परभणी तालुक्यात, पाथरीकडे, कुठं कुठं खेड्यात नोकरी करणारे. सगळ्यांना स्वतः फोन केले. "तुमच्या वर्गात लेकरं कुठं थांबतात तेवढं एका ओळीत टाकत जा. तुमचं नाव मी कुणाला दिसू देणार न्हाई. जबान देते." शिक्षकाला आपल्या वर्गातलं दुखणं सांगायला लावणं सोपं नसतं. वर कळलं तर आपल्यालाच ताप, ही भीती असते. पण गव्हाणे मॅडमनी जबान दिली म्हटल्यावर एकेक जण लिहायला लागला. आणि काही महिन्यांत पडद्यावर, लेकरं जिथं थांबतात तिथं, एक लाल पट्टा उमटला. गाव कुठलंही असो, शिक्षक कुणीही असो, लेकरं एकाच जागी थांबत होती. पाचशेतून एकशे अठ्ठ्याऐंशी वजा करा म्हटलं की बसली. शून्यातून वजाबाकी. ताई त्या पट्ट्याकडे खूप वेळ बघत बसल्या. मी चहा आणून ठेवला, तो गार झाला, साय धरली. "काय झालं?" मी विचारलं. "काही न्हाई," म्हणाल्या आणि संगणक बंद केला.

नेमकं त्याच दिवसांत आमच्या संस्थेचं मन कॉलेजवरून उडालं होतं. डी.एड.ला कोण येणार, नोकऱ्या कुठं आहेत, निम्म्या जागा रिकाम्या. सचिवसाहेबांच्या टेबलावर आमच्याच इमारतीत इंग्रजी शाळा काढायचा नकाशा पसरलेला असायचा, आणि आम्ही आत गेलो की ते तो गुंडाळायचीही तसदी घेत नसत. माणूस वाईट नव्हता, हिशेबी होता. बैठकीत त्यांनी तो लाल पट्टा बघितला आणि ताठ बसले. "मॅडम, एवढं लाल? मग नावं काढा ना. कच्चे मास्तर कोण कोण हायत ते दाराशी बोर्डावर लावू. लोकांना कळू द्या, आपण किती कडक हाव."

"नावं न्हाई मिळायची साहेब. मी जबान दिलीय."

"मग हे कामाचं काय? जागा भरंनात, शिकून गेलेल्यांचा असा इस्कोट, अन् वर नावं बी सांगायची न्हाईत? त्यापेक्षा कुलूपच लावू की."

आमच्या सगळ्यांच्या नोकऱ्या एकीकडे, पण त्याहून मोठं हे की ह्या पट्ट्याचा चाबूक झाला असता. एकदा नावं लागली की पुन्हा एकही शिक्षक खरं लिहिणार नव्हता आणि सगळे परत त्या जिन्यानं चढायला लागले असते. नावं द्यावीत तर काम मरत होतं, न द्यावीत तर कॉलेज. ताई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज कधीच मोठा नव्हता, त्या दिवशीही नव्हता. "साहेब, जरा नीट बघा. लेकरं सगळीकडं एकाच जागी थांबायलीत. मास्तर वेगळे, गावं वेगळी, पण ही वजाबाकी शिकवायची कशी, ते ह्या समद्यांना एकाच माणसानं शिकवलंय. शून्याकडं न्हाई म्हणून शेजाऱ्याकडं जा, त्याच्याकडं बी न्हाई म्हणून त्याच्या शेजाऱ्याकडं जा, असं नुसतं तोंडपाठ करून घेतलंय. तुमाला नाव पाहिजे ना? लिहा. कुसुम गव्हाणे."

सचिवसाहेबांनी हातातला पेन खाली ठेवला.

"एक वर्ष द्या," ताई म्हणाल्या. "मी माझं शिकवणं बदलते. वर्ष झालं की तुमी म्हणाल त्या शाळेत, तुमी म्हणाल त्या वर्गात चला. लेकरं तिथंच थांबली तर कुलूप मी माझ्या हातानं लावते."

बाहेर आल्यावर मी त्यांना अक्षरशः झापलं. "स्वतःचं नाव कामून घेतलंत? काही लाजबीज?" त्या चपला घालत म्हणाल्या, "मग कुणाचं घ्यायचं? तुझं? तू तर मराठीची." आणि ऑटोला हात केला.

ते वर्ष मी विसरणार नाही. आमच्याकडे शैक्षणिक साहित्याचं एक काचेचं कपाट होतं. त्यात काड्यांचे गठ्ठे होते, दहाचे, शंभराचे, लाल रिबिनी बांधलेले. तपासणीला कुणी आलं की दाखवायचे आणि पुन्हा कुलूप. ताईंनी ते कपाट उघडलं आणि गठ्ठे वर्गात ओतले. "रिबिनी सोडा." पोरी बघतच राहिल्या. वीस वीस वर्षांच्या पोरी जमिनीवर मांडी घालून काड्या मोजायला लागल्या, आणि त्यातल्या कितीतरी जणींना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की पाचशेतून वजा करताना मधलं शून्य नऊ का होतं. एक तर ओरडलीच, "मॅडम, आमाला बी हे माहीत नव्हतं!" ताई म्हणाल्या, "मला बी कुणी सांगितलं नव्हतं. मी बी पाठच केलं होतं." असं एखादी प्राध्यापिका भर वर्गात म्हणते का कधी! सराव पाठ भिंतीलगतच्या शाळेतून उठवले आणि रोज वेगळ्या खेड्यात न्यायला सुरुवात केली. आणि एक गोष्ट त्यांनी वर्षभर घोटून घेतली. थांबणं. प्रश्न विचारा, हाताची घडी घाला आणि थांबा. पोरींना ते सगळ्यात अवघड गेलं. मला अजूनही जात नाही.

वर्ष सरलं. सचिवसाहेबांनी शाळा निवडली पेडगावची, आणि तिथं गेल्यावर वर्ग निवडला तो तिसरी आणि चौथी एकत्र बसलेला, कारण एक गुरुजी रजेवर होते. मुद्दामच. सोबत त्यांनी बाहेरून दोन जाणते लोक आणले होते. पाठ होता सारिकाचा. ही पाथरीजवळच्या खेड्यातली पोरगी. शेतावरून थेट वर्गात आल्यासारखी दिसायची आणि बोलायची इतकी हळू की जुन्या पद्धतीत तिच्या प्रत्येक पाठावर 'आवाज वाढवावा' असा शेरा पडला असता. साहेब माझ्या कानाशी आले, "हिचा तर आवाजच निघत न्हाई मॅडम. दुसरी कुणी न्हाई का?" मी म्हटलं, "बसा साहेब." खुर्ची फळ्याशेजारी होती, ताई तिच्यात बसल्या होत्या. आम्ही बाकीचे दाराशी.

सारिकानं तिसरीच्या मुलांना गठ्ठे मोजायला लावलं आणि चौथीसमोर पाच शंभराचे गठ्ठे मांडले. "ह्यातून एकशे अठ्ठ्याऐंशी काड्या द्यायच्यात. पहिलं काय करावं लागल?" आणि घडी घातली. कुणी बोलेना. एक चिमणी खिडकीतून आत येऊन गेली. कुणी बोलेना. साहेबांना राहवेना, ते म्हणाले, "अरे सोपंय बाळांनो, बघा..." ताईंनी त्यांच्याकडे न बघता नुसता तळहात वर केला. सारिका जागची हलली नाही. तिच्या कपाळावर घाम आला होता, पण घडी सुटली नव्हती. आणि मग शेवटच्या रांगेतली एक पोरगी उठली. आईबापाबरोबर ऊसतोडीला जाऊन नुकतीच परत आलेली, वर्गात अजून धड मिसळलेलीही नव्हती. म्हणाली, "शंभराचा एक सोडावा लागल. दहाचे तर हायतच न्हाईत." "मग?" सारिकानं विचारलं. पुन्हा थांबली. "मग त्याचे दहाचे हुत्यात. त्यातला एक परत सोडायचा. सुट्ट्या काड्या लागत्यात ना... म्हणून नऊ ऱ्हातात." बाकीच्या लेकरांच्या तोंडावर जे उजाडलं ते मी दाराशी उभी राहून बघितलं. मग काय, सगळ्यांनाच सोडायचे होते गठ्ठे. "तीनशे बारा! तीनशे बारा!" नुसता कालवा.

तास संपला तेव्हा आमचे सचिवसाहेब चौथीच्या बाकाशी गुडघे टेकून बसले होते आणि त्या पोरीला सांगत होते, "थांब थांब, तो दहाचा गठ्ठा पुन्हा सोडून दाखव." मग उठले, गुडघे झटकले आणि ताईंना म्हणाले, "मॅडम, मी दुकानाचा हिशेब एवढी वर्षं करायलोय. ते नऊ कुठून येतंय हे मला आज कळलं." त्यांनी कुलपाचा विषय काढला नाही. पुढच्या बैठकीला टेबलावर इंग्रजी शाळेचा नकाशा नव्हता. परतीच्या जीपमध्ये सारिका हमसून हमसून रडली. ताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "माहिती भरलीस का?" तशी ती रडता रडता हसली. मी तर जीपमधून उतरून रस्त्यात नाचायचीच बाकी होते.

कॉलेज राहिलं. नुसतं राहिलं नाही, भरलं. ज्या गावांत आमच्या पोरी शिकवायला गेल्या त्या गावांतून पुढच्या पोरी यायला लागल्या. दुसऱ्या कॉलेजांतले लोक बघायला यायला लागले आणि येताना मोठमोठ्या संगणकाच्या गोष्टी विचारायचे. ताई त्यांना आधी खुर्ची दाखवायच्या. "हितं बसा. मग काय भरायचं ते आपोआप कळंल." निवृत्त व्हायच्या आधीच त्यांनी सगळं काम तरुण प्राध्यापकांच्या हातात दिलं आणि बजावलं, "मला एकदा बी न विचारता हे चाललं पाहिजे. चाललं न्हाई तर मी काहीच केलं न्हाई असं समजा." स्वतः मात्र दर हंगामाला मला फोन करून विचारायच्याच, लेकरं कुठं अडखळायलीत. मी सांगायची. त्या "हां" म्हणायच्या आणि पाच मिनिटं विचार करून परत फोन करायच्या.

आठवण येते. लय येते. दुपारी डबा उघडला की हात आपोआप चटणीसाठी पुढे होतो.

मागच्या आठवड्यात यंदाचे सराव पाठ सुरू झाले. पहिला पाठ पेडगावला, त्याच शाळेत, चौथीवर. मला जायचं नव्हतं, पण निरीक्षणाची पाळी माझीच होती. वर्गात गेले तर खुर्ची फळ्याशेजारी ठेवलेली. मला तिच्यात बसवेना. मी सरळ मागे गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. समोर नुसत्या वेण्या. एक मिनिट झालं नसेल, तोच पुढच्या रांगेतली एक मुलगी मागे वळली आणि मला म्हणाली, "मॅडम, तुमी चुकलाव. बघायला आलेल्या मॅडम तिथं बसतात. तिथून आमी दिसतो." सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी उठले, पुढे गेले आणि त्या खुर्चीत बसले. सगळी तोंडं एकदम समोर आली.

पाठ घेणारी विद्यार्थिनी अगदी नवी होती. ताई निवृत्त झाल्यावर कितीतरी नंतर आलेली. तिनं त्यांना कधी बघितलेलंही नाही. तिनं हजारातून वजाबाकी दिली, तीन तीन शून्यं. लेकरांनी फटाफट केली, एक सुद्धा थांबलं नाही. मग तिनं फळ्यावर एक शाब्दिक उदाहरण लिहिलं. बाजारात एवढी पोती आणली, एवढी विकली गेली, आणखी एवढ्यांची मागणी आली, तर किती पोती कमी पडली? विचारलं, आणि हाताची घडी घातली. तशीच. डावा हात खाली, उजवा वर, मान जराशी कलती... कुणाकडून शिकली असेल? तिच्या वरच्या तुकडीकडून, त्यांनी त्यांच्या वरच्यांकडून. मी डोळे पुसत बसले नाही, कारण समोर लेकरं अडखळायला लागली होती आणि ते बघायलाच तर मी तिथं बसले होते. आकडे त्यांना येत होते. ते वाक्यच त्यांना उलगडत नव्हतं. त्यांचे ओठ पुन्हा पुन्हा त्याच ओळीवरून फिरत होते.

पाठ संपल्यावर मी मोबाइल काढला आणि तीन प्रश्नांची उत्तरं भरायला घेतली. बोटं तिसऱ्या प्रश्नावर थांबली. मग मला एकदम हसू आलं, चांगलं मोठ्यानं, वर्गातली लेकरंही माझ्याकडे बघून हसायला लागली. तुम्ही विचारलं होतंत ना ताई, आणि मी पाठ सुरू झाले की सांगते म्हटलं होतं. ऐका तर. शून्यापाशी आता कुणी थांबत न्हाई. यंदा लेकरं मराठीत अडखळायलीत. नाव पाहिजे ना? लिहा. नलिनी पौळ.